राखून ठेवलेलं बेडं

मी घर सोडलं त्या सकाळी आमचं बेडं लागत नव्हतं. बेडं म्हणजे आवाराच्या दगडी गडग्यातलं बांबूचं फाटक. आमच्या बेड्याची वरची काथ्याची गाठ कधीच सुटली होती, त्यामुळे ते एका अंगावर कललेलं असायचं आणि उघडताना दोन्ही हातांनी उचलून बाजूला करावं लागायचं. हातात पत्र्याची ट्रंक, तळहातावर आईने घातलेलं दही नुकतंच चाटून झालेलं, आणि समोर हे. मी ट्रंक खाली ठेवली, बेडं उचललं, बाहेर पडले, ट्रंक ओढून घेतली आणि बेडं पुन्हा उचलून जागेवर टेकवलं. आई आतल्या बाजूला उभी होती. ती रडली नाही. "नीट लाव गो बाय, गाय येल आत," एवढंच म्हणाली. जे बेडं कित्येक महिने नीट लागलं नव्हतं, ते मी जाता जाता नीट लावावं अशी तिची अपेक्षा होती.

बाबा तेव्हा घरी नव्हते. ते कधीच नसायचे. दाभोळच्या खाडीच्या अलीकडे, गुहागरच्या अंगाला आमची वाडी. तिथले बहुतेक पुरुष मुंबईला नोकरीत, आमचे बाबा मात्र बोटीवर खलाशी. मुंबईकर आणि बोटीवरचा यांच्यात फरक असतो, आणि तो पोरांना सगळ्यांत आधी कळतो. मुंबईकर गणपतीला येतो. साहेबाने रजा नाकारली तर नोकरीवर लाथ मारून येतो, पण येतो. शिमग्याला पुन्हा येतो. वाडीतल्या कुठल्याही पोराला विचारा, बापूस कधी येणार, तर ते सणाचं नाव सांगेल. बोटीवरच्या माणसाला सण नसतो. बोट कुठल्या बंदरात किती दिवस अडकेल ते खुद्द कप्तानाला माहीत नसतं, तर गुहागर तालुक्यातल्या एका पोरीला कुठून कळणार?

मी रत्नागिरीला राहून डी.एड. केलं आणि त्याच सुमारास, ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालेलं असताना, उत्तरेकडच्या एका छावणीतल्या शाळेत प्राथमिकसाठी बाई हव्यात असं आमच्या शिक्षिकेकडून कळलं. जवानांच्या मुलांची शाळा. अट अशी की पहिलं वर्ष नोकरी कच्ची, तिच्याबरोबर प्रशिक्षण, आणि वर्ष संपायच्या आत मोठ्या लोकांसमोर एक पाठ घ्यायचा. तो पसंत पडला तर नोकरी पक्की, नाही पडला तर घरचा रस्ता. पुण्याला मुलाखत झाली आणि मी निवडले गेले. वाडीत बातमी पसरली ती अशी की, मी मिलिटरीत चालले. शेजारचे आप्पा मुद्दाम येऊन विचारून गेले, "बंदूक तितं गेल्यावर देतात, की आधीच पाठवतात?" मी त्यांना खडू दाखवला. त्यांना ते पटलं नाही.

घरात मात्र कोणी हसलं नाही. चुलत्यांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि वर्ष फुकट गेलं तर ते पुन्हा उभं राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला तर नक्कीच. आई म्हणाली, "वरीसभर बग. जमला तर जमला." तिच्या तोंडी हे वाक्य म्हणजे मोठाच आशीर्वाद होता. मी मनाशी ठरवलं की जमवायचंच. गुहागर ते चिपळूण एसटी, चिपळूणहून घाट चढून कराड, तिथून पुढे गाड्या बदलत. सगळा प्रवास मी ट्रंकेवर हात ठेवून केला.

छावणीत उतरले तर सगळं रंगवलेलं. रस्त्याकडेचे दगड चुन्याने पांढरे, झाडांचे बुंधे खाली गेरूने लाल. आमच्याकडे जांभा जन्मतःच लाल असतो, त्याला कोणी रंग देत नाही. इथे दगड हा दगड असून चालत नव्हता, तो ओळीत उभा हवा होता. बरॅकीतली एक खोली मिळाली. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की इथे सगळं पुसलेलं, घासलेलं, जागच्या जागी असतं, आणि माणसं तेवढी जागच्या जागी नसतात. वर्गातलं पोर आज असतं, उद्या त्याच्या बापाची बदली होते आणि बाक रिकामा पडतो.

वर्ग असा: एक गढवालचा, दोन पंजाबातली, एक नेपाळी बोलणारी मुलगी, एक तमिळ, दोन सातारकडची, बाकीची आणखी कुठकुठली. सातारकडची दोन माझं मराठी ऐकून हसायची, कारण माझे हेल कोकणातले. म्हणजे ज्यांची भाषा मला येत होती, त्यांनाही मी परकीच. माझं हिंदी म्हणाल तर रत्नागिरीच्या बाजारात मुसलमान भावांकडून सुकट घेताना जेवढं लागतं तेवढं. भावात घासाघीस करण्यापुरतं उत्तम, पहिलीच्या वर्गात शिकवण्यापुरतं अजिबात नाही.

आमचं प्रशिक्षण घ्यायच्या सेठी मॅडम. नवरा फौजेत अधिकारी, स्वतः अनेक छावण्यांत शिकवून आलेल्या. कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक आवाज. दर शनिवारी दुपारी आम्हा नव्या बायांना त्या बसवायच्या. मी डी.एड.ला पाठाचं टाचण करायला शिकले होते: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन. मॅडमनी ते बघितलं आणि बाजूला ठेवलं. त्यांचं शिकवणं निराळं होतं. नवीन मूल येणार कळलं की ते यायच्या आधी त्याच्या नावाची खुंटी तयार ठेवा, म्हणजे दप्तर अडकवताना त्याला कळतं की आपली वाट बघितली गेली. त्याला "तू कुठला?" असं विचारू नका, त्याला ते माहीत नसतं, "आज डब्यात काय?" असं विचारा. प्रत्येक मुलाच्या भाषेत पाणी, भूक आणि दुखतंय हे तीन शब्द तुम्हाला आलेच पाहिजेत. ज्याचा बाप सीमेवर गेलाय त्याला "बहादुर बनो" म्हणायचं नाही, कारण ते आधीच बनून बसलेलं असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बाप कधी येणार हे तुम्ही सांगायचं नाही. "तारीख कभी मत देना," त्या टेबलावर बोट आपटून म्हणायच्या. हे सगळं मी डोक्यात कोंबून घेत होते. खरं सांगते, इतकं उपयोगाचं शिक्षण मला आधी कुणी दिलं नव्हतं.

बिजू आला तो असाच मध्येच. केरळचा, सहा वर्षांचा, शिपायाचा मुलगा. बाप सीमेकडे गेलेला, आई आणि तो इथे क्वार्टरमध्ये. मी त्याच्या नावाची खुंटी तयार ठेवली होती. त्याने दप्तर अडकवलं, बाकावर बसला आणि गप्प झाला. एक दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. त्याला हिंदी येत नव्हतं हे खरं, पण तो मल्याळीतही बोलत नव्हता. दुसऱ्या बाया म्हणू लागल्या की पोर मंद आहे, त्याला बालवर्गात बसवा. मला ते मान्य नव्हतं. मंद पोराचे डोळे तसे नसतात. हा सगळं बघत होता.

त्याच्या आईची आणि माझी ओळख सुकटीने करून दिली. मी ट्रंकेत आईने बांधून दिलेले सुके बोंबील आणि सोडे आणले होते. एका रविवारी धीर करून ते भाजले, तर अख्ख्या बरॅकीत बोंब झाली. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला, कुणी विचारलं काही मेलंय का. तेवढ्यात वासाचा माग काढत एक बाई दारात येऊन उभी राहिली. तेलकट वेणी, खोबरेलाचा वास, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू माहेरचं माणूस भेटलं. ती बिजूची आई. तिचंही हिंदी माझ्याचसारखं. आम्ही दोघींनी हातवारे करत नारळ, मासे, खाडी आणि केळीची पानं एवढ्यावर तासभर गप्पा मारल्या. बिजू माझ्या खोलीत मांडी घालून बसला आणि त्याने चार बोंबील संपवले. तेव्हाही तो बोलला नाही, पण खाल्लं मात्र पोटभर.

आता चूक सांगते, जी फक्त कोकणातलं माणूसच करू शकतं. बिजूच्या आईने सांगितलं होतं की त्यांचा मोठा सण ओणम, आणि तो साधारण आमच्या गणपतीच्याच दिवसांत येतो. हे ऐकलं आणि माझ्या आत वाडी जागी झाली. बापूस कधी येणार? सणाला. यात विचार करण्यासारखं काय आहे? एक दिवस बिजू खिडकीशी उभा राहून रस्त्यावरच्या मिलिटरीच्या गाड्या बघत होता. त्याचा तो उभा राहण्याचा ढंग मला बघवेना. मी त्याच्याजवळ गेले आणि ओणमला घालतात ती फुलांची रांगोळी हातांनी काढून दाखवत सांगितलं, ओणम येईल, तेव्हा अच्छन येतील. अच्छन म्हणजे वडील, एवढा शब्द मी शिकले होते. त्याचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं.

ओणम आला. बिजूच्या बापाची रजा रद्द झाली. फौजेत रजा रद्द होते, मुंबईच्या गिरणीसारखी तिथे लाथ मारून निघता येत नाही. बिजू दुसऱ्या दिवशी शाळेत आला, बाकाखाली शिरला आणि बाहेर यायला तयार होईना. मी वाकून हात पुढे केला तर तो चावला. कडकडून चावला. सेठी मॅडमना सगळं कळलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हाताला औषध लावलं आणि विचारलं, "किससे पूछकर तारीख दी?" मी काय सांगणार? वाडीला विचारून, म्हणून?

त्या आठवड्यात मी आईचा खूप विचार केला. मी बिजूला जे सांगितलं ते वाडीचं बोलणं होतं. पण माझ्या आईने तर मला कधीच सण सांगितला नव्हता. सगळ्या वाडीचे बाप गणपतीला येत असताना, ज्यांचा येत नव्हता त्या आम्हा दोन बहिणींना तिने कशी वाढवली? आणि मग मला बेडं आठवलं.

ते बेडं बाबांनी बांधलं होतं आणि गाठ सुटली तेव्हा बाबा बोटीवर होते. ती गाठ मारायला अर्ध्या तासाचं काम. आप्पा काथ्या घेऊन स्वतः आले होते. आईने त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. "ऱ्हवंदे भावजी. ह्यांचा काम हाय ता. येतील तवा करतील." बाबा आले, त्यांनी बेडं बांधलं, ते गेले, आणि काही दिवसांनी दुसरं काहीतरी मोडलेलं असायचं. कधी विहिरीचा रहाट, कधी माझ्या पाटीची चौकट, कधी पुन्हा बेडंच. घर चालवणारी, नारळी-पोफळीचं आगर शिंपणारी, सुपाऱ्या सोलणारी माझी आई एवढी एकच गोष्ट करायची नाही. वाडीत चेष्टा व्हायची, "काय वैनी, बेडा अजून बोटीवरच काय?" शेजारची गाय रोज आत शिरून भेंडीची रोपं खायची, आई रोज काठी घेऊन तिच्या मागे धावायची, पण बेडं बांधू द्यायची नाही. मला लहानपणी तिची लाज वाटायची. आपल्या घरचं बेडंच मोडकं का, असं वाटायचं. पण बाबा येणार की नाही अशी शंका मात्र मला एकदाही आली नाही. बेडं मोडकं होतं ना? म्हणजे ते येणारच होते.

पुढच्या सोमवारी मी चपलांचं एक रिकामं खोकं वर्गात नेलं आणि कात्रीने त्याची होडी करायला घेतली. खाडीकाठच्या माणसाला होडी काढता येते, त्याला शिकावं लागत नाही. रोज बाकाखालीच बसणारा बिजू हळूहळू बाहेर आला. माझ्या हातातली कात्री त्याने घेतली आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दुरुस्त केली, कारण ती त्यांच्याकडच्या होडीसारखी नव्हती. दोन दिवस आम्ही ती होडी केली. वल्ही झाली, डोलकाठी झाली, शीड राहिलं. शिडाचा कागद मी त्याच्यासमोर घडी करून ठेवला आणि म्हटलं, "ये अच्छन करेंगे." कधी, ते सांगितलं नाही. मग त्याने होडी उचलली, कपाटावरच्या फळीवर नेऊन ठेवली आणि घडी केलेला कागद तिच्या पोटात ठेवला.

बघता बघता ती फळी भरली. गढवालच्या मुलाने दोरी न गुंडाळलेला भोवरा आणून ठेवला. पंजाबच्या मुलीने शेपूट नसलेला पतंग. जिचा बाप छावणीतच होता तिलाही काहीतरी ठेवायचं होतं, मग मी सांगितलं की तुझ्या आजोबांसाठी ठेव. सगळं अर्धवट, मोडकं, विस्कटलेलं. वर्गात सफाई कामगार झाडायला आला की त्या फळीकडे बघून मान हलवायचा. आणि बिजू आता बोलू लागला होता. फार नाही, पण दुसऱ्या कुणी होडीला हात लावला तर तीन भाषांत ओरडण्याइतकं नक्की.

थंडीच्या शेवटी पाठाचा दिवस ठरला. मुख्याध्यापक येणार, छावणीतले मोठे अधिकारी येणार, सेठी मॅडम असणारच. आधी चार दिवस शाळेचे दगड पुन्हा रंगवले गेले. मॅडम माझ्या वर्गात आल्या आणि फळीसमोर उभ्या राहिल्या. "ये सब हटा दो." मला वाटलं, पसाऱ्यासाठी म्हणताहेत. मी म्हटलं, पडदा लावते. त्या म्हणाल्या, पसाऱ्याचं नाही. तू मुलांना पुन्हा तारीखच देते आहेस, फक्त कागदावर न लिहिलेली. ज्याचा बाप आलाच नाही, त्याच्या होडीचं तू काय करणार आहेस? हे त्या अगदी हळू बोलल्या. त्यांचाही नवरा तेव्हा पुढे सीमेवरच होता.

मी म्हटलं, "मॅडम, तारीख नाही दिली. काम दिलंय." आणि फळी काढणार नाही असंही म्हटलं. नोकरी गेली तर चुलत्यांनी बघितलेलं स्थळ डोळ्यांसमोर उभं होतं. पण ती फळी रिकामी केली असती तर बिजू पुन्हा बाकाखाली गेला असता, आणि त्याला तिथून बाहेर काढायला दुसरी कुठली वाट माझ्याकडे नव्हती. मॅडम निघून गेल्या.

पाठासाठी मी "आमचे मदतनीस" हा धडा तयार केला होता. पोस्टमन, डॉक्टर, शिंपी, चित्रांसकट. सकाळी पाहुणे मागच्या बाकांवर बसले. मी चित्रं हातात घेतली आणि ती पुन्हा टेबलावर ठेवली. म्हटलं, आज फळीचा पाठ. एकेक जण आपली वस्तू घेऊन येईल आणि सांगेल की काय राहिलंय आणि कोण करणार. आपल्या भाषेत सांगा, मग हिंदीत. पंजाबची मुलगी आली, गढवालचा आला. भोवरावाला सांगता सांगता अडला, तर नेपाळी बोलणाऱ्या मुलीने त्याला शब्द पुरवला. बिजूला मी बोलावलं नाही. तो आपणच उठला. होडी दोन्ही हातांत धरून पुढे आला, आधी मल्याळीत काहीतरी म्हणाला, मग पाहुण्यांकडे बघून, शिडाचा हिंदी शब्द शोधून मोठ्याने म्हणाला, "पाल नहीं है. अच्छन लगाएगा. आप हाथ मत लगाना." मागच्या बाकावरचे अधिकारी, ज्यांच्यासमोर अख्खी छावणी उभी राहायची, त्यांनी मांडीवरचे हात मागे घेतले.

निकाल मुख्याध्यापकांनी सांगितला: तयार केलेला पाठ घेतला नाही, वर्ग नीटनेटका नाही, नोकरी पक्की. मी बाहेर आले आणि नळाखाली तोंड धुतलं, कारण रडू आवरत नव्हतं. सेठी मॅडम मागून आल्या आणि त्यांनी रुमाल दिला.

बिजूचा बाप आला तो शिमगा होऊन गेल्यावर, कुठलाच सण नसताना, भर दुपारी. बूट बाहेर काढून वर्गाच्या दारात उभा राहिला. बिजू धावत जाईल असं तुम्हाला वाटलं असेल. तो माझ्या मागे लपला. आमच्याकडे बोटीवरून बाप आला की पोरं अशीच आजीच्या मागे लपायची आणि कुणी त्यांना ढकलायचं नाही. मीही ढकललं नाही. मी फक्त फळीकडे बोट दाखवलं. तो दणकट माणूस जमिनीवर बसला आणि होडीच्या पोटातला कागद उलगडू लागला. तो चुकीची घडी घालायला लागला तेव्हा बिजूला राहवेना आणि तो माझ्या मागून निघून बापाजवळ जाऊन बसला.

बेड्याची गोष्ट मी सेठी मॅडमना सांगितली होती; पुढच्या वर्षी त्यांनी नव्या बायांच्या प्रशिक्षणात हा विषय घेतला. "इनके कोकण में एक तरीका है," असं म्हणून. त्यांनी त्याचा नियमच केला: प्रत्येक वर्गात एक फळी, अमुक उंचीवर, चुन्याने पांढरी आणि कडेला गेरूची रेघ. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आईच्या मोडक्या बेड्याला फौजेने ओळीत उभं केलं होतं.

पण मॅडमचा प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता. त्याआधीच, पहिल्या मे महिन्यात घरी गेले तेव्हा आईला विचारलं. ती चुलीपुढे होती. "आणि बाबा आलेच नसते तर?" तिने मागे वळून बघितलं नाही. "तर मी बांदला असता बेडा. येत व्हता मला बांदूक." मग थोडं थांबून म्हणाली, "पन तवर तरी रोज उचलताना हाताला कळत व्हता ना, कोनतरी यायचा हाय म्हनून." हे उत्तर मी छावणीत घेऊन गेले. एका वर्षी त्याची गरज पडली. एका मुलीचे वडील सीमेवरून परत आलेच नाहीत. काही दिवसांनी ती स्वतःच फळीपाशी गेली, तिने वडिलांसाठी ठेवलेला डबा खाली काढला आणि त्याला झाकण बसवलं. मी तिच्याजवळ बसून राहिले. मॅडमही येऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही दुसरं काही शिकवलं नाही.

बाबा बोटीवरून कायमचे घरी आले, आणि आल्या आल्या त्यांनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. त्यानंतरच्या मे महिन्यात मी गेले तर बेडं एका बोटाने उघडलं. आत आले तर आईने पाट मांडला, "बस, दमली अससील" म्हणाली. भांड्याला हात लावू देईना. विहिरीवर जाऊ देईना. मी चार दिवस पाटावर बसून होते आणि माझा जीव घाबराघुबरा होत होता. माझ्यावाचून त्या घरात काहीच अडलं नव्हतं. वर्गात मी प्रत्येक मुलाच्या नावाची खुंटी ठेवत होते, इथे माझ्या नावाची नव्हती. घर सोडलेल्यांनो, तुम्हाला माहीत असेल हे. आपलं ताट पाहुण्याचं झालं की घास उतरत नाही.

परतायच्या आदल्या दिवशी मी आईवर चिडलेच. म्हटलं, मी काय मुंबईची पाहुणी आहे? तिने माझ्याकडे नीट बघितलं. पुढच्या वर्षी मी पोचले तेव्हा अंगणातल्या खळ्यात कोकमाची सालं वाळत होती. कोकमाला रसाची पुटं देत देत ती वाळवायची असतात, तेव्हा कुठे आमसुलं काळी होतात. आई म्हणाली, "सगली पुटां झाली. शेवटचा तुज्यासाठी राकलाय." मी ट्रंक तशीच ओसरीवर टाकली आणि बाह्या वर केल्या. तेव्हापासून दर वर्षी शेवटचं पूट माझं. जुलैत शाळा उघडते तेव्हाही नखांच्या कडा लाल असतात आणि मुलं विचारतात, टीचरजी, गेरू लगाया?

आता ऐंशीचं दशक संपत आलं. मी इथे रुळले आहे. शनिवारचं प्रशिक्षण आता मीच घेते. सेठी मॅडम बदलीच्या गावी गेल्या, बिजू कुठल्या छावणीत आहे मला माहीत नाही. नव्या बाया विचारतात की घर कुठे तुमचं, आणि मी रत्नागिरी म्हणते. जिल्ह्याचं नाव म्हणून नाही. जिथे माझ्यावाचून एक काम अडून राहिलंय, ते माझं घर आहे, आणि ते अजून तिथेच आहे. मागे राहिलेल्यांनो, म्हणूनच तुम्हाला सांगते, आम्ही यायच्या आधी सगळं उरकून ठेवू नका. आमच्या मायेपोटी तुम्ही ते करता, ठाऊक आहे मला. पण करू नका.

परवा वाडीतला एक मुलगा फौजेत भरती होऊन इथे आला, त्याच्याबरोबर बाबांचा निरोप होता. बेड्याची गाठ पुन्हा सुटली आहे, पावसाआधी बांधून घेतो म्हणाले. सुट्टीवर निघालेल्या एका सातारच्या जवानाला मी थेट आमच्या वाडीपर्यंत वाट वाकडी करायला लावली आणि उलट निरोप धाडला: कोणी हात लावू नका. मी येते आहे.